इंटरकूलर: नाकात, डोक्यावर की कुशीत

मुंब्रा बायपासच्या चढावर गाडीचा काटा लाल पट्टीत गेला आणि त्याच वेळी मागच्या सीटवर कमलच्या पापण्या खाली यायला लागल्या. मी पुढच्या सीटवर अर्धी मागे वळून बसले होते, म्हणून मला दोन्ही दिसलं.

कमलला साप चावला होता. गाडी लग्नाची होती, नाकापासून काचेपर्यंत फुलांनी मढवलेली. चालवत होता खुद्द नवरदेव, जितेश. त्याच्या कानामागे हळद वाळली होती. मागे त्याचा मामा कमलचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. तिचा उजवा हात हलू नये म्हणून आचाऱ्याच्या लांब झाऱ्याला ओढणीने बांधला होता. दुपारचं ऊन होतं आणि आम्हाला ठाण्याचं सरकारी रुग्णालय गाठायचं होतं.

"मावशी, गाडी ओढतच नाय," जितेश म्हणाला. "पाय पार खाली टेकलाय."

मागे काळा धूर सुटला होता. भरलेले कंटेनर आम्हाला मागे टाकून चढत होते. मामा कमलला पुन्हा पुन्हा तिच्या मुलीचं नाव विचारत होता. आधी तिने नीट सांगितलं. मग जीभ जड झाली. आता ती नुसतं हुं करत होती.

मी जितेशला गाडी डावीकडे घ्यायला सांगितलं.

"थांबायचं? आता?"

"घे डावीकडे. इंजिन बंद करू नको."

विष चढत असलेली बाई मागे असताना मी गाडी का थांबवली, हे कळायला त्या गाडीत मी काय बसवलं होतं ते माहीत हवं. म्हणून आधी ते सांगते.

मी रेडिएटरवाली. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन ठाण्याला वर्तकनगरला आले, तिथे नवऱ्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी डबा घेऊन जायचे आणि बसल्याबसल्या नळ्या घासायचे. घासता घासता कथलाचा डाग द्यायला शिकले, पितळ जोडायला शिकले. नवरा वारला तेव्हा दुकान विकायचं असं घरच्यांनी ठरवलं. मला विचारलं नव्हतं, म्हणून मी ऐकलं नाही. पुढे ती जागा रस्त्यात गेली आणि मी कल्याण-शीळ रस्त्याला आले. इथे धूळ भरपूर, खड्डे भरपूर आणि गाड्या तासन्‌तास उभ्या. रेडिएटरवाल्याला याहून चांगली जागा मिळणार नाही.

रेडिएटर पाणी थंड करतो हे सगळ्यांना माहीत असतं. इंटरकूलर हवा थंड करतो, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरा आणि पंपाच्या बुडाला हात लावा. चटका बसतो. हवा दाबली की तापते. टर्बो म्हणजे तेच काम करणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो, म्हणून लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. पण कोंबलेली हवा तापलेली असते आणि तापलेली हवा फुगते, म्हणजे इंजिनाच्या पोटात कमी मावते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये ॲल्युमिनियमच्या पात्यांची एक पेटी लावतात. आतून गरम हवा जाते, बाहेरून वारा लागतो. ही पेटी म्हणजे इंटरकूलर. त्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नसतं. सगळा प्रश्न एवढाच की तो कुठे बसवायचा.

आमच्या दुकानात आम्ही तीन जागा म्हणतो. नाकात, डोक्यावर आणि कुशीत.

नाकात म्हणजे बंपरच्या मागे, रेडिएटरच्या पुढ्यात. वारा सगळ्यात जास्त तिथे. हायवेला धावणाऱ्या गाडीला यापेक्षा चांगली जागा नाही. पण नळ्या लांब होतात, पाय दाबला की ताकद यायला जरा उशीर लागतो. आणि तो आपली ऊब मागच्या रेडिएटरच्या तोंडावर सोडतो. गाडी पळत असेल तर चालतं. शीळफाट्याला उभी असेल तर नाही चालत. शिवाय पहिली ठोकर नाकालाच बसते. वर्तकनगरचे एक गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी हौसेने पेट्रोल गाडीला नाकात मोठा इंटरकूलर लावून घेतला. नीट काम झालं, गाडी उत्तम पळायची, आठवड्याला नाशिक करायचे. मग एक रिक्षा त्यांच्या सोसायटीच्या दारातच उलटी मागे येत गाडीच्या नाकावर धडकली. रिक्षाला काही झालं नाही. हे फुटलेला इंटरकूलर टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले आणि काउंटरवर असा अलगद ठेवला की मी म्हटलं, काका, जिवंत आहे का? ते हसले नाहीत.

डोक्यावर म्हणजे इंजिनाच्या वर, बॉनेटच्या खाली. नळ्या आखूड, गाडी हाक मारल्याबरोबर ओ देते. ठोकर लागत नाही, पावसात तुंबलेल्या पाण्यात बुडत नाही. पण खाली तापलेलं इंजिन असतं, म्हणजे शेगडीवर फ्रीज ठेवल्यासारखं. म्हणून बॉनेटला एक उंचवटा करतात, त्याचं तोंड पुढे उघडं असतं. त्याला स्कूप म्हणतात. त्यातून वारा थेट इंटरकूलरवर पडतो. गाडी उभी राहिली की वारा बंद, पण चालायला लागली की पुन्हा लवकर थंड होतो.

कुशीत म्हणजे चाकाच्या वर, मडगार्डच्या आत. जागा लहान, म्हणून इंटरकूलरही लहान. वारा आणायला बंपरमधून वेगळी वाट काढावी लागते. कल्याणच्या भाजी मार्केटातून माळशेजकडे माल नेणाऱ्या एका पिकअपला मी कुशीत बसवला होता. चढाला मस्त चालायची. पावसाळ्यात मालकाने परत आणली, ओढत नाही म्हणून. चाकाने उडवलेला चिखल आत जाऊन वाळला होता, त्यात कोथिंबिरीच्या काड्या. मी धुऊन दिला आणि पुढे पत्रा लावला. तेव्हाच आमच्या वेल्डरने त्या गाडीचं नाव कुंभार ठेवलं.

लोकांना वाटतं, तीनपैकी एक जागा चांगली आणि बाकीच्या वाईट. तसं असतं तर मला कोणी विचारलं नसतं. गाडी कुठे चालते त्यावर जागा ठरते. आणि गाडी कुठे चालते हे गिऱ्हाईक खरं सांगत नाही. प्रत्येकाला वाटतं आपण लोणावळ्याला जातो. मी रेडिएटरची जाळी बघते. तिच्यात किडे चिकटलेले असतील तर गाडी खरंच हायवेला धावते. सिमेंटची बारीक धूळ असेल तर ती या आमच्या रस्त्यावर उभी असते. बंपरच्या कोपऱ्यांवर रंग उडाला असेल तर ती कुठल्या तरी चाळीच्या बोळात ठेवतात.

मग मी लोकरीचे धागे लावते. बोटभर लांबीचे, बॉनेटवर आणि जाळीवर, चिकटपट्टीने. गाडी सर्व्हिस रोडला पळवायची आणि मी शेजारून मोटारसायकलवर मागे बसून बघायचं. धागा आडवा पडून शांत राहिला तर वारा सरळ जातोय. धागा नाचायला लागला तर तिथे वारा गरगरतोय, त्या जागेचा उपयोग नाही. धागा ताठ होऊन छिद्रात ओढला गेला तर ती जागा सोन्याची. हे मला कोणी शिकवलं नाही. वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघून सुचलं. आजूबाजूचे गॅरेजवाले म्हणायचे, मावशी गाडीला स्वेटर विणतायत. म्हणोत. त्यांच्याकडून निघालेल्या गाड्याच माझ्याकडे यायच्या.

जितेश हा शीळफाट्याजवळच्या गावातला आगरी मुलगा. त्याची टर्बो डिझेलची मोठी जीप होती, सात माणसं बसणारी. तिचा मूळचा इंटरकूलर फुटला म्हणून तो आला. कंपनीचा डोक्यावरच होता. त्याला नवा नाकात हवा होता, बंपरचं तोंड कापून, बाहेरून चांदीसारखा चमकेल असा.

"दिसायला पायजे ना मावशी," तो म्हणाला. "मित्र बघतात."

मी म्हटलं, मित्रांना घरी बोलाव आणि बॉनेट उघडून दाखव.

मी त्याची गाडी नीट बघितली. जाळीत सिमेंटची धूळ. बंपर दोन्ही कोपऱ्यांना चेपलेला. म्हणजे उभी राहणारी आणि ठोकर खाणारी गाडी. त्याशिवाय आणखी एक गोष्ट होती. नंबरप्लेटच्या वर लिंबू-मिरची, तिच्या वर मंडळाचा झेंडा, त्याच्या वर कुठल्या तरी वाढदिवसाच्या फलकाच्या राहिलेल्या तारा. आपल्याकडे गाडीचं नाक म्हणजे देव्हारा असतो. दसऱ्याला हार, गणपतीला तोरण, निवडणुकीला कापड, जत्रेला आणखी काही. नाकात बसवलेला इंटरकूलर वर्षातले कितीतरी दिवस कशाच्या तरी मागे झाकलेला राहतो आणि रेडिएटरलाही झाकतो. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो रुसला. दोनदा दुसरीकडे विचारून आला. शेवटी म्हणाला, करा तुम्हाला काय करायचं ते.

मी डोक्यावर बसवला. मूळच्यापेक्षा जाड, आणि धागे लावून स्कूपचं तोंड वर उचलून घेतलं. गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला, फक्त सांगायला की खिडकाळीच्या पुढे त्याने कोणाला तरी मागे टाकलं. त्यानंतर गावातल्या सगळ्या गाड्या माझ्याकडे यायला लागल्या आणि त्याच्या लग्नाची पत्रिकाही आली.

लग्न मुलीकडच्या मंडपात, संध्याकाळचं होतं. मी सकाळीच जितेशच्या घरी गेले, कारण त्याच्या आईने आग्रह केला होता. दारात मोठा मांडव, मागे पटांगणात आचाऱ्याच्या चुली. मला पाहुण्यांमध्ये बसून साड्यांच्या गप्पा मारता येत नाहीत. मी मागे जाऊन चुलीपाशी बसले. तिथेच कमल होती. कल्याणची, आचाऱ्याबरोबर लग्नांमध्ये भांडी घासायला जायची. आमचं लगेच जमलं, कारण दोघींनीही आयुष्यात काळं झालेलंच घासलं होतं. ती म्हणाली, तुमचं बरं मावशी, तुमच्या भांड्याला लोकं बॉनेटने झाकून ठेवतात.

दुपारच्या जेवणानंतर ती चुलीसाठी लाकडं आणायला ढिगाकडे गेली आणि हात घातल्याबरोबर मागे सरली. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "चावला." नाग होता. फणा काढलेला आम्ही सगळ्यांनी बघितला आणि मग तो कुंपणाखालून गेला.

रुग्णवाहिकेला फोन लावला. ती निघाली होती, पण फाट्याच्या कोंडीत होती. गावातल्या गाड्या वऱ्हाडी आणायला गेलेल्या. दोन गाड्या मांडवाच्या मागे अडकलेल्या, त्यांच्यापुढे जेवणाचा टेम्पो. मोकळी एकच गाडी होती, मांडवाच्या तोंडाशी, नवरदेवाची.

जितेशचा मामा आडवा आला. त्याचं म्हणणं साधं होतं. हळद लागलेला नवरा वेशीबाहेर जात नाही. गेलाच तर वरातीने जातो. आणि नवऱ्याची गाडी लग्नाआधी दवाखान्याच्या दारात उभी करायची हे त्याला झेपत नव्हतं. वाईट माणूस नव्हता. भाच्याचं भलं बघत होता.

"दुसरा कोणीतरी चालवेल," तो म्हणाला. "तू बस खाली."

"दुसऱ्या कोणाच्या हाताला ती गाडी माहीत नाय, मामा," जितेश म्हणाला.

"लोकं काय बोलतील? भांडीवालीसाठी नवरा उठला?"

हे कमलने ऐकलं. ती जमिनीवर बसली होती, हात झाऱ्याला बांधलेला. तिने वर बघून मामाला सांगितलं, "दादा, मी मेले तर तुमच्या दारात मरेन. ते चालेल?"

मग मामानेच तिला उचललं. मी पुढच्या सीटवर चढले, कारण बाईमाणूस बरोबर हवं होतं आणि बाकीच्या बाया रडत होत्या. जितेशच्या हातात कट्यार होती, टोकाला लिंबू खोचलेली. हळद लागल्यापासून ती नवऱ्याच्या हातातून सुटता कामा नये अशी रीत. त्याने ती गिअरच्या शेजारी टाकली आणि गाडी काढली.

फाट्यापर्यंत लोकांनी नवरदेवाची गाडी म्हणून वाट दिली. काही जणांनी हात केले. एक बाई काचेतून वाकून नवरी शोधत होती. बायपासला लागलो, चढ सुरू झाला आणि गाडीचा दम गेला.

आता तिथे परत येते.

मी समोर बघितलं. बॉनेटवर झेंडू, निशिगंध, गुलाब, सगळं वाऱ्याने थरथरत होतं. मध्यभागी एक मोठा गुच्छ होता. तो हलत नव्हता. एक पाकळी हलत नव्हती त्याची. मी आयुष्यभर गाड्यांवर धागे लावून हेच बघत आले, काय हलतंय आणि काय नाही. माझ्या लक्षात आलं, गुच्छ बॉनेटवर चिकटवलेला नाही. तो रुतवलेला आहे. डेकोरेशनवाल्याला बॉनेटवर पुढे तोंड असलेली पोकळी दिसली आणि त्याला वाटलं, कंपनीने फुलदाणी दिली आहे. त्याने त्यात फुलवाल्यांचा ओला, हिरवा, ठिसूळ स्पंज ठासला आणि फुलं खोचली. इंटरकूलरला सकाळपासून वाऱ्याची झुळूक लागलेली नव्हती. आणि गाडीच्या नाकावर कापडाच्या जाळीत विणलेली फुलांची चादर, तारेने आवळलेली. म्हणजे रेडिएटरचं तोंडही बंद. ज्या भीतीने मी नाकातली जागा टाळली होती ते नाकावर झालंच होतं आणि ज्याचा विचारच केला नव्हता ते डोक्यावर झालं होतं.

असंच चढत राहिलो असतो तर वर पोचायच्या आधी इंजिन जाम झालं असतं. तिथे दुसरी गाडी थांबवायची, तिच्यात कमलला हलवायचं. नवरदेवाच्या फुलांच्या गाडीला कोण थांबणार? लोकांना वाटलं असतं नाचायला उतरलेत.

गाडी थांबली. जितेश सवयीने चावी फिरवायला गेला, मी त्याच्या हातावर चापट मारली. तापलेलं इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं आणि जिथे आहे तिथे उकळतं. मी खाली उतरले. गुच्छ दोन्ही हातांनी धरून ओढला. फुलं हातात आली, स्पंज आतच. मी बोटांनी उकरायला लागले, तो भुसभुशीत होऊन आणखी आत जात होता. जाळीची तार हाताला कापत होती पण सुटत नव्हती.

"पक्कड आहे का रे गाडीत?" मी विचारलं.

नव्हती. हत्यारं डेकोरेशनसाठी घरी काढून ठेवली होती.

तेवढ्यात मामा मागचं दार उघडून उतरला. मला वाटलं आता अपशकुनाचं सांगणार. त्याने पुढच्या सीटमधून वाकून कट्यार घेतली, टोकाचं लिंबू काढून रस्त्यावर फेकलं आणि नाकावरची जाळी वरून खालपर्यंत फाडली. चादर जनावराच्या कातड्यासारखी खाली लोळली. मग त्याने कट्यार माझ्या हातात दिली. मी तिच्या टोकाने स्कूपमधला स्पंज कापून तुकड्या तुकड्यांनी बाहेर काढला. इंटरकूलरची पाती दिसली तेव्हा त्यांच्यावर हिरवा चुरा माखला होता. तो मी पदराने झटकला. खोलवरचा राहिला. तेवढा चालणार होता.

मामा तोपर्यंत परत कमलजवळ जाऊन बसला होता. मी आत बसले आणि जितेशला एसी बंद करून हीटर पूर्ण सोडायला सांगितलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. बाहेर मे महिना होता.

"मावशी, ती मरेल गरमीने."

"हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे. इंजिनाची आग तेवढी आपल्याकडे येते. गरमीने आपण मरत नाही. काचा खाली कर आणि निघ."

तो निघाला. आत तव्यावर बसल्यासारखं झालं. मामाने आपला फेटा सोडून पाण्याने भिजवला आणि कमलच्या कपाळावर ठेवला. तिचे डोळे आता मिटलेले होते, पण बोटाने ती मामाच्या मनगटावर दाबत होती. मामा मला दर वळणाला सांगत होता, दाबतेय, दाबतेय. गाडीने पहिल्या शंभर पावलांत काही दाखवलं नाही. मग जितेश म्हणाला, ओढतेय. मला काटा दिसत होता, लाल पट्टीच्या कडेवर. खाली येत नव्हता आणि वरही जात नव्हता. चढ संपला. उतारावर मी त्याला न्यूट्रल करू दिलं नाही, गिअरमध्येच उतरवली. मामा एकदा बोलायचा थांबला. मी मागे बघितलं नाही. मी काट्याकडे बघत होते, कारण त्या घडीला मला तेवढंच करता येत होतं. मग मामा परत म्हणाला, दाबतेय.

रुग्णालयाच्या दारात पोचलो तेव्हा बॉनेटखालून वाफ यायला लागली होती. स्ट्रेचर आलं. कमलला आत नेलं आणि लगेच नळी घातली, कारण श्वास तिचा तिला घेता येत नव्हता. आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो. नवरदेव घामाने भिजलेला, हळद ओघळून सदऱ्यावर आलेली. मामाचं डोकं उघडं. माझ्या पदराला हिरवा चुरा. एक नर्स आली आणि विचारलं, पेशंटचे नातेवाईक कोण? मामा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी भाऊ."

जितेशला मी रिक्षाने मंडपात पाठवलं. मुहूर्त थोडा पुढे गेला, लग्न लागलं. गावात काही दिवस बोलणं झालं की नवरा वेशीबाहेर गेला, आता बघा काय होतं. काही झालं नाही. संसार चालू आहे, भांडतात इतर लोकांसारखे.

गाडी मीच ओढून दुकानात आणवली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालची पट्टी, जळलं होतं आणि ते झाकण थोडं वाकलं होतं. पिस्टन शाबूत होते. मी इंटरकूलर काढून धुतला, त्यातून पाकळ्या निघाल्या. पुन्हा कुठे बसवायचा, असं वेल्डरने विचारलं. मी म्हटलं, होता तिथेच. जागा बरोबर होती. त्या रस्त्याला, त्या गाडीला, त्या मुलाला दुसरी जागा नाही. फक्त आता स्कूपच्या तोंडावर मी स्टीलची जाळी लावते, हात आत जाणार नाही अशी. डोक्यावरचा इंटरकूलर घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला विचारते, घरात लग्न आहे का? लोक हसतात. एकाने खरोखर मुलीची माहिती सांगायला सुरुवात केली.

एक मात्र मला लागून राहिलं आहे. मी सगळीकडे वारा शोधला. हायवेचा, घाटाचा, पाण्याचा, ठोकरीचा सगळा हिशोब केला, नाकावरच्या हारांचाही केला. पण माणसाला बॉनेटमधलं भोक बघितलं की त्यात फूल खोचावंसं वाटेल, हे मला सुचलं नव्हतं. आता हात थरथरतात, डाग मी देत नाही. जागा मात्र अजून मीच सांगते.

कमल बरेच दिवस रुग्णालयात होती. साप जिथे चावला तिथलं मांस सडलं, उजव्या हाताचं मधलं बोट काढावं लागलं. भांडी घासायला आता जात नाही, पोळ्या लाटते. मामा दर भाऊबीजेला कल्याणला जातो. कमल जगली.